प्रबंधाचा विषय

तिसऱ्या मजल्यावर बायकांचं स्वच्छतागृह हवं म्हणून वीस वर्षांपूर्वी स्त्री-अभ्यासाच्या बाईंनी क्लार्क बायकांना घेऊन विद्यापीठाच्या जिन्यात तीन दिवस ठिय्या दिला. स्वच्छतागृह मिळालं. घसा बसला क्लार्क बायकांचा, नाव झालं बाईंचं. त्या लढ्यावर त्यांनी प्रबंध लिहिला, देशोदेशी भाषणं झोडली आणि परवा कुलगुरू होऊन त्याच मजल्यावर येऊन बसल्या.

सोमवारी थोरल्या क्लार्कबाई स्वच्छतागृहाकडे गेल्या, तर दाराला नवं कुलूप आणि वर पाटी: 'फक्त कुलगुरूंसाठी'.

"मॅडमची ऑर्डर आहे," शिपाई नजर चुकवत म्हणाला. "तुम्ही तळमजल्यावर जायचं."

क्लार्कबाई जिन्यापर्यंत गेल्या आणि पहिल्याच पायरीवर बसल्या.



"मॅडमना सांग, प्रबंधाचा दुसरा भाग सुरू झालाय."