तुमच्यातला एखादा दोष सांगा

"आत काय विचारतायत?" लवूने हळूच विचारलं.

रामदास नुकताच मुलाखत देऊन बाहेर आला होता. परळच्या गिरणीच्या ऑफिसबाहेर, कारकुनाच्या जागेसाठी आलेली मंडळी बाकावर बसली होती. त्यात हे दोघे शेजारी, तेवढीच ओळख.

"नेहमीचंच रे. छंद काय, दोष काय. टकलू चष्मेवाला हाय ना, तो विचारतो. कोपऱ्यात म्हातारा मॅनेजर बसलाय, तो काय बोलत नाय."

तेवढ्यात तो टकलू चष्मेवालाही कपाळ पुसत बाहेर आला आणि कोणाकडे न बघता जिना उतरून गेला. चहाला गेला असेल. कारकून पारखायचा म्हणजे काय थोडी मेहनत!

छंद! हा शब्द ऐकला की लवूच्या डोक्यात तिडीक जायची. ज्याला छंद परवडतात तो कारकुनी मागायला येईल कशाला? मॅट्रिक झाल्यापासून दोन वर्षं तो हेच ऐकत होता. फोर्टातली कचेरी असो की शिवडीची वखार, प्रश्न तेच, आणि विचारणाऱ्याचा आव असा की जणू आत्ताच सुचला. त्याच्या बापाला, कुशाबाला, याच परळात भरती करणाऱ्या जॉबरने "हात दाखव" म्हटलं होतं आणि दुपारपर्यंत कापड विणायच्या साच्यावर उभं केलं होतं. आता साहेबलोक शिकले. हात बघायचं सोडून छंद बघायला लागले.

पण आज तोंड आवरायचं होतं. शेवंतीच्या वडिलांनी बजावलं होतं, "दसऱ्यापर्यंत नोकरी दाखवा, नाहीतर मी शीवच्या स्थळाला होकार कळवतो." दसरा तोंडावर आला होता. आतापर्यंतच्या सगळ्या मुलाखतींत लवूने कुठे ना कुठे फटकन बोलून माती खाल्ली होती. म्हणून या वेळी त्याने उत्तरं चक्क पाठ केली होती.

शिपायाने नाव पुकारलं. आत टेबलामागे भलताच माणूस बसला होता, दाट केसांचा, नवा कोट घातलेला. टकलू चहाला गेल्यावर याला बसवला असणार. प्रश्नच असे, की कुणीही विचारावेत. कोपऱ्यात म्हातारा मॅनेजर अडकित्त्याने सुपारी कातरत होता.

"बसा. मी प्रधान. प्लीज टेल मी... म्हणजे, आपल्याविषयी थोडं सांगा."

इंग्रजी तिथेच आटोपलं. लवूला मनात हसू आलं. अर्ज समोर पडलाय, त्यात बापाच्या नावापासून सगळं आहे, तरी सांगा म्हणे. त्याने सांगितलं.

"छंद?"

"वाचन."

"आमच्याच गिरणीत का यावंसं वाटलं?"

समोरच्या गिरणीने हाकललं म्हणून. पण लवू म्हणाला, "गिरणीचा लौकिक ऐकून आलो."

प्रधानने कोपऱ्याकडे चोरून पाहिलं. प्रत्येक प्रश्नाला तो तसंच बघत होता. हा घरी पाणीसुद्धा बायकोला विचारून पीत असेल, लवूला वाटलं. आणि असली माणसं आपली पारख करणार!

"तुमच्यातला एखादा दोष सांगा."

"काम हातात घेतलं की घड्याळाचं भान राहत नाही."

"हा तर गुण झाला. दोष विचारतोय मी."

"थोडा राग येतो."

"कशाचा?"

"असाच. कधीतरी."

"आत्ता येतोय?" प्रधानचा आवाज लोण्यासारखा मऊ होता. "बरं, राहू दे. छंद काय म्हणालात तुम्ही?"

लवूचं डोकं सटकलं.

"काही छंद नाही मला! आठ माणसांच्या खोलीत कसले आलेत छंद? अहो, हिशेब घाला, अक्षर बघा. कारकून घेताय की जावई?"

प्रधान अजिबात रागावला नाही. उलट पुढे वाकला. "मग दोन वर्षं रिकामपणी केलंत तरी काय?"

"संयुक्त महाराष्ट्रासाठी मोर्चे काढले! लाठ्या खाल्ल्या, कोठडीत बसलो. उद्या हाक आली तर उद्याही जाईन. नोकरी असो वा नसो. लिहा काय लिहायचं ते!"

सुपारी कातरल्याचा आवाज थांबला.

पुन्हा तेच केलं लवूने. गेली नोकरी, आणि तिच्याबरोबर शेवंतीही गेली. बापाला काय सांगायचं?

म्हातारा उठला आणि हसत टेबलापाशी आला.

"वा! सकाळपासून नुसती पोपटपंची ऐकतोय. खरं बोलणं आत्ता कानावर पडलं. झालं आमचं काम. सोमवारी सकाळी आठला हजर व्हा."

लवू ताडकन उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले. जगात एक तरी साहेब माणूस ओळखणारा निघाला होता. त्याने दोन्ही हात जोडले.

"उपकार झाले, साहेब. येतो सोमवारी."

म्हाताऱ्याने त्याच्या जोडलेल्या हातांवरून आपला हात पुढे नेला आणि प्रधानचा हात हातात घेतला. "अभिनंदन, प्रधान. असली चळवळी माणसं दारातच ओळखणारा लेबर ऑफिसर हवा होता मला. तुमच्याआधी त्या खुर्चीत बसलेल्या दोघा उमेदवारांनाही आज हीच परीक्षा दिली, पण एकालाही कुणाच्या तोंडून काही काढता आलं नाही. आता यांना आणि बाहेर बसलेल्यांना घरी पाठवा. कारकुनाची जागा आपल्याकडे नव्हतीच."