भिंतीपलीकडचा आवाज

दुपारी खोलीत वाचत बसलेल्या शलाकाला भिंतीपलीकडून स्वतःचाच आवाज ऐकू आला आणि ती दचकली.

"तुझ्या श्वासात विषाणू सापडलाय. तुला आज काहीच जाणवणार नाही, पण घरी गेलीस तर बाबांना लागण होईल गं," तो आवाज सांगत होता.

साथ आल्यापासून विद्यापीठाची यंत्रणा प्रत्येकाला धोक्याची सूचना द्यायची, आणि तीही तो ज्याचं ऐकतो त्याच्याच आवाजात. कुणाला आईचा आवाज यायचा, कुणाला प्रशिक्षकाचा. शलाकाने आपला आवाज वापरायला संमती दिली होती खरी, पण तिचं ऐकणार कोण? सूक्ष्मजीवशास्त्राची ही मुलगी जेवतानाही साथीबद्दलच बोलायची, म्हणून हॉस्टेलातल्या मुली तिला टाळायच्या. पलीकडची रुपल तर तिला तोंडावर 'कटकटी' म्हणायची.

भावाच्या आज संध्याकाळच्या साखरपुड्यासाठी रुपल घरी निघाली होती.

शलाका रुपलच्या बंद दाराबाहेर जाऊन बसली. आतून बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला, मग हुंदका.

"रुपल, साखरपुडा फोनवर बघू. मी इथेच बसते. पण साडी नेस हं, नवीवाली."

"हे तू बोलतेयस की यंत्र?"

"मीच."

"वाटलंच," रुपल नाक ओढत म्हणाली. "यंत्राला साडी कुठली सुचायला!"

संध्याकाळी बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघी साड्या नेसून बसल्या आणि फोनवर भावाने अंगठी घालताच एकदम टाळ्या वाजवू लागल्या.