पाचवी गोळी

"सहा भोकं दिसली, की निकाल शून्य," सुभेदार दराडे म्हणाले. "गोळ्या प्रत्येकाला पाच. टारगेटवर सहा निघाली, तर शेजाऱ्याने घोळ घातला म्हणून माझ्याकडे रडत यायचं नाही. मागच्या खेपेला कुणाची गोळी कुठे गेली हे शोधण्यात माझी अर्धी सकाळ गेली. ज्याच्या टारगेटवर सहा, तो गेला. विषय संपला."

नाशिकबाहेरच्या त्या फायरिंग रेंजवर पायदळाचे बारा जवान पोटावर पडून ऐकत होते. दराडेंचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, हे चार वर्षांत सगळ्यांना पाठ झालं होतं.

सहा नंबरवर नांदगावचा संतोष होता. त्याच्या उजव्या हाताला, सात नंबरवर, सुरगाण्याच्या डोंगरातला झिपरू. दोघं एकमेकांचे बडी. फौजेत बडी म्हणजे नेमून दिलेला जोडीदार. त्याच्याबरोबर जेवायचं, त्याच्याबरोबर पहारा द्यायचा आणि त्याला लागलं, तर खांद्यावर घालून परत आणायचं.

त्यांची चार वर्षांची भरती आता संपत आली होती. प्लाटूनमध्ये कायम व्हायला एकच जागा उरली होती. बाकीच्यांनी गाशा गुंडाळून घरी जायचं. धाव, दोर, खड्डा, संगीन, सगळ्या परीक्षा होऊन वर राहिले होते हे दोघे, आणि गुण अगदी सारखे. खरं तर सारखे असायचं काही कारण नव्हतं. पाच किलोमीटरच्या धावेत झिपरू चांगला दोनशे पावलं पुढे होता. पण हा शहाणा शेवटच्या वळणावर थांबला, मागे वळून "चाल की रं, बडी!" म्हणून ओरडला, आणि दोघे बरोबरच पोचले.

आता उरली होती एवढी फायरिंग.

संतोषला कायम व्हायचंच होतं. मनमाडच्या पल्लवीशी त्याचं जमलं होतं, पण तिच्या वडिलांनी तोंडावर सांगितलं होतं, "चार वर्षांच्या शिपायाला मी मुलगी देत नाही." भरती झाला तेव्हा गावच्या पोरांनी चौकात त्याचा फ्लेक्स लावला होता. त्याच चौकातून बॅग घेऊन परत जायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं.

आणि त्याची पाचवी गोळी नेहमी वाया जायची. चार अशा बसायच्या की बघत राहावं. पाचवीला बोट घाई करायचं. "शेवटचं म्हटलं की तुला भूत लागतंय," झिपरू म्हणायचा. झिपरूचं तसं नव्हतं. गलोलीने पाखरं पाडत वाढलेला तो. त्याच्या पाचच्या पाच गोळ्या तळहाताखाली झाकतील एवढ्या जागेत बसायच्या.

त्या सकाळी चहा पिताना संतोषने त्याला विचारलं होतं, "नाही झालास कायम, तर काय करशील?"

"डोंगर हाय, नागलीचं शेत हाय. नायतर आईबाबासंगं विंचूरकडं द्राक्षं खुडायला जाईन. माझं काय अडत नाय. तुझंच लय अडतंय."

"मग सोड की नाद."

"सोडला असता," झिपरू हसला. "पण आईला बोलून बसलोय, यंदापासून तुला मजुरीला जाऊ देणार नाय."

उरलेला चहा संतोषने मातीत ओतून टाकला.

"फायर!"

पहिली गोळी बसली, हे संतोषला चाप दाबतानाच कळलं. दुसरी बसली, तिसरी, चौथीही. मग तो थांबला. घाम डोळ्यांत उतरत होता. आज घाई करायची नाही, असं त्याने मनाला बजावलं. कोपर जरा सरकवून घेतलं, श्वास अर्धा सोडला आणि चाप हळूच दाबला.

झिपरूच्या चार केव्हाच झाल्या होत्या. पाचवी मात्र सुटेना.

"सात नंबर, मुहूर्त काढतोस का?" दराडे गरजले. तेव्हा कुठे ती सुटली.

रायफली रिकाम्या असल्याची खात्री झाली आणि सगळे टारगेटांपर्यंत चालत गेले. दराडेंनी आधी सात नंबर धरला आणि भोकांवर बोट ठेवत मोजलं. "एक, दोन, तीन, चार... आणि हे पाच. शाब्बास, झिपरू! एक जरा लांब गेली, पण आत आहे."

संतोषने मान पुढे काढून पुन्हा मोजली. पाचच होती. त्याचं तोंड उतरलं.

"आता सहा नंबर." दराडेंनी मोजलं आणि भुवया उडवल्या. "इथेही पाच! अरे संतोष, आज भूत कुठं गेलं तुझं?"

सगळे हसले. संतोष आपल्याच टारगेटकडे परक्यासारखा बघत राहिला.

"पुन्हा बरोबरी. काय करावं तुमचं!" दराडे म्हणाले. "दोघांचीही नावं वर धाडतो. साहेबांना सांगतो, ही जोडी फोडू नका."

ते पुढच्या टारगेटांकडे गेले. भोकांवर लेईने कागद चिकटवायला हे दोघेच मागे राहिले. झिपरूने आजूबाजूला कोणी नाही ना, ते बघितलं.

"बडी, एक सांगतो, कुठं बोलू नको. मी माझ्यावर चारच मारल्या. पाचवी तुझ्या टारगेटवर मारली. म्हटलं, याची एक जातेच, ती आपण भरू."

संतोषच्या हातातला कागद खाली पडला. "येडा आहेस का तू? आणि तुझी आई?"

"तिला सांगितलं असतं काय तरी." झिपरूने आपल्या टारगेटवरच्या त्या लांबच्या भोकाला हात लावला. त्याचे डोळे भरून आले होते. "पण मंग हे कुठून आलं? मी तर नाय मारलं. राहू दे, बोलू नको, मला कळलं. तू बी तेच केलंस. तुझ्या वाटणीची मला दिलीस."

त्याने संतोषला घट्ट मिठी मारली. त्याच्या खांद्यावरून संतोषला ते भोक समोरच दिसत होतं. त्याने ते सहावं म्हणून पाडलं होतं.