बंद प्रेसचं तापमान

अंबडच्या कारखान्यात योगेशचा सी-प्लस-प्लसमधला प्रोग्रॅम पत्रा दाबणाऱ्या प्रेसचं तापमान मोजायचा आणि ऑफिसमधल्या हर्षालीच्या जावा प्रोग्रॅमला मेसेज पाठवायचा. ती चालवणारे वाल्मीकमामा प्रेसमध्ये सापडून गेले, तेव्हापासून ती प्रेस बंद होती. तरी आज भर दुपारी तिचा मेसेज आला. सदतीस.

हर्षालीने कारखान्यात असलेल्या योगेशला मोबाइल लावला. "तुझा आकडा माझ्याकडे उलटसुलट वाचला जातोय बहुतेक. दोन भाषांचा घोळ."

"नाही गं, मी तपासलंय. जातो तसाच पोचतोय."

"मग प्रेस चालू केली का कुणी?"

"कशी करतील? वीजच तोडलीय तिची."

स्क्रीनवर पुन्हा सदतीस आलं. माणसाच्या अंगाएवढं, तिच्या मनात आलं.

"हात लावून बघतोस?" ती बोलून गेली, आणि लगेच तिला वाटलं, हे सांगायला नको होतं.

फोनमध्ये त्याची पावलं वाजली आणि थांबली.

"कोमट आहे," योगेश हळूच म्हणाला. "पण लोखंडासारखं नाही लागत. मऊ लागतंय."

"योगेश, हात काढ!"

आकडा अडतीस झाला.

"काढतोय गं," त्याचा आवाज चिरकला. "आतून कुणीतरी धरलाय."