शेवटच्या मडक्यापर्यंत

"वाटणी नको," बोआते तिसऱ्यांदा म्हणाला, आणि न्यार्कोची खात्री पटली की ह्याने काहीतरी दडवलंय.

मामाला जाऊन चाळीस दिवस झाले होते. चाळिसाव्याची ताडी संपली होती, सुतकाचे लाल कपडे धुऊन वाळत पडले होते आणि अंगणात घरचीच माणसं उरली होती: बोआते, त्याची बहीण कोनादू, न्यार्को, आणि मध्ये बुटक्या स्टुलावर ताचीआजोबा, घराण्यातले सगळ्यात म्हातारे. मामाची मुलं येऊन भरपूर रडून गेली होती. पण मुलांच्या रडण्याला वाटणीत किंमत नसते. मामाचं जे असतं ते भाच्यांचं.

बोआते आणि कोनादू मामाच्या थोरल्या बहिणीची मुलं. न्यार्कोला आपली आई आठवत नव्हती. पण मामाला तो कळायला लागल्यापासून मामा म्हणत आला होता, आणि मामा ओ देत आला होता. ह्यापेक्षा जास्त चौकशी कुणीच करत नसे. कोण कुठून आलं हे बोलायला कुमासीच्या राजाने बंदी केली होती. बोलणाऱ्याचं डोकं जायचं. त्या कायद्याने गावातली निम्मी भांडणं मिटली होती. उरलेली निम्मी जमिनीवरून होती.

न्यार्कोला हवी होती ओढ्याकाठची कोलाची बाग. वीस वर्षं तिथलं तण त्याने काढलं, शेंगा त्याने उतरवल्या, चघळायच्या बिया त्यानेच सोलून पानांत बांधल्या. बाग मात्र मामाची म्हणत. आता बोआतेची म्हणतील. न्यार्कोची बायको अदोमा कधीमधी म्हणायची, "झाडांना तू आपलं म्हणतोस खरा. झाडं तुला काय म्हणतात ते विचार एकदा."

बोआतेने घर एक राहण्याचे फायदे पुन्हा पहिल्यापासून सांगितले. कोनादूचं सासर दोन दिवसांच्या वाटेवर. तिला एकत्र घराचा काय उपयोग? पण तिने तोंड उघडलं की ताचीआजोबा तिच्याकडे बघत, आणि ती ते मिटून घेई.

"हे बघ," बोआते शेवटी न्यार्कोला म्हणाला, "बाग तू घे. अख्खी. मरेपर्यंत तुझी. ताईला मी समजावतो. फक्त वाटणी हा शब्द काढू नकोस."

न्यार्को विचारात पडला. बोआते तसा हाताचा मोकळा. लहानपणी फुफूच्या गोळ्यासोबत मिळालेला मासा निम्मा करून द्यायचा, तेही नुसत्या काट्यांचा, डोक्याकडचा भाग स्वतःला ठेवून. पण मासा वेगळा आणि बाग वेगळी. अख्खी बाग कुणी उगाच सोडत नाही. ज्या अर्थी सोडतोय, त्या अर्थी बागेपेक्षा मोठं काहीतरी पदरात पाडून घेतोय. मामा दरसाल सालागाच्या बाजारात कोला विकायला जायचा. सोनं पुरलेलं असणार.

"सगळं बाहेर निघालं पाहिजे," न्यार्को म्हणाला. "शेवटच्या मडक्यापर्यंत."

"सगळं?" ताचीआजोबांनी विचारलं.

"सगळं."

"घरी जा, पोरा. जेव. उद्या बोलू."

"उद्या तुम्ही काय वेगळं सांगणार, आजोबा?"

"काहीच नाही. म्हणूनच जा म्हणतो."

हे मात्र फार झालं. न्यार्को उठला आणि त्याने मुखियाच्या पूर्वजांची शपथ उच्चारायला सुरुवात केली. बोआतेने धावत येऊन त्याच्या तोंडावर हात दाबला, पण तोवर शपथ निम्म्याहून जास्त बाहेर पडली होती. तेवढी पुरते. ती एकदा तोंडातून निघाली की प्रकरण मुखियासमोर जातं. तिथे घरातल्या थोराला घरातली चीज न् चीज बोलून दाखवावी लागते. लपवलं तर त्याचं डोकं जातं. सांगितलं तर, काहीही सांगितलं तरी, माफ असतं.

बोआते मटकन खाली बसला. चोर पकडला गेल्यावर असाच बसतो, असं न्यार्कोला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोआते दारात येऊन उभा राहिला. शपथ मागे घे म्हणाला. दंडाची मेंढी मी भरतो.

म्हणजे मेंढीसुद्धा हाच देणार. ऐवज चांगलाच मोठा असला पाहिजे. न्यार्कोने त्याला बस असंही म्हटलं नाही.

तिसऱ्या दिवशी मुखियाच्या चौकात सगळं गाव जमलं. ताचीआजोबा खांद्यावरचं वस्त्र उतरवून उघड्या खांद्याने उभे राहिले आणि एकेक बोलू लागले. ओढ्याकाठची बाग. कंदांचं शेत. दोन बंदुका, पैकी एक उडणारी. चार पितळी पराती. रेशमी वस्त्र एक. न्यार्को बोटं मुडपत होता. सोनं अजून आलं नव्हतं.

"संपलं?" मुखियाने विचारलं.

"एक उरलंय," ताचीआजोबा म्हणाले, आणि त्यांनी मान खाली घातली.

न्यार्को सरसावून बसला. त्याने विजयाने बोआतेकडे पाहिलं. बोआतेने डोक्यावरून कापड ओढून घेतलं होतं.

मुखिया म्हणाला, उरलेलं मागून बघू, आधी मोठ्या गोष्टी. बाग थोरल्या भाच्याला, बोआतेला. आता कोनादूला कोण अडवणार? ती ताडकन उभी राहिली.

"बाग त्याला, मग बागेच्या तोडीचं मला काय?"

मुखियाने ताचीआजोबांकडे पाहिलं. आजोबांनी मान वर केली नाही.

"मयताने सहा टोपल्या कोला देऊन सालागाच्या बाजारातून एक पोटुशी बाई आणली होती," ते म्हणाले. "बाई मेली. मुलगा आहे, न्यार्को. तो कोनादूला."