अंगठीसारख्या पेशी

"सर, हे काहीतरी भलतंच आहे," सहकारी डॉक्टरीण म्हणाली. "पेशी दुभंगायला निघाल्या आणि मध्येच अडकल्या. अंगठीसारख्या दिसतायत."

डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले. जठराच्या अस्तराचा हा तुकडा त्यांच्याच वडिलांचा होता. कॅन्सर नव्हता. पण असं चित्र डॉक्टरच्या आयुष्यात एखाद्या वेळीच दिसतं.

"सांधे सुजवणाऱ्या गाऊटच्या गोळ्या जास्त झाल्या की असं होतं," ती म्हणाली. "किडनी थकलेल्या माणसाला तर विषच. आजोबांना गाऊट आहे?"

"नाही," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पायाचा सुजलेला अंगठा टेबलाखाली मागे ओढला.

गाऊट त्यांना होता. वडील भावाकडे राहायचे. दर रविवारी डॉक्टर तिथे जायचे, फोन कानाला लावून वडिलांच्या आठवड्याच्या गोळ्या डबीत भरायचे आणि दहा मिनिटांत निघायचे. स्वतःच्या गोळ्या त्याच पिशवीत. मागे एकदा त्या गोळ्यांचं पाकीट सापडेना, तेव्हा त्यांनी सरळ नवीन घेतलं होतं.

आणि वडिलांच्या बिघडलेल्या पोटाचं खापर महिनाभर फोडलं वहिनीवर! तिच्या तेलावर, तिच्या फोडणीवर. परवा तर ते म्हणाले होते, "म्हाताऱ्याला मारायचं ठरवलंयस का?" तेव्हापासून ती बिचारी मूग गिळून सगळं अळणी शिजवत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी. डॉक्टरांना स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळी ते भावाच्या घरी गेले. वडील पलंगावर बसून चष्म्याशिवाय पेपर वाचत होते. चेहरा पार उतरला होता.

"आज पुन्हा? कालच तर आला होतास," ते हसले.

वहिनीनं पाणी ठेवलं आणि आत गेली.

"बाबा, वहिनीचा काही दोष नाही. चूक माझी आहे. डबी भरताना मी माझ्या गोळ्या तुमच्यात घातल्या. तिची आत्ताच माफी मागतो."

बोलता बोलता त्यांनी डबी उघडली. एकेक खण पाहिला. मग पुन्हा पहिल्यापासून पाहिला. सगळ्या गोळ्या बरोबर होत्या.

"तू नाही चुकलास," वडील हळूच म्हणाले. त्यांनी उशीखालून गोळ्यांचं एक पाकीट काढलं. त्यात दोनच उरल्या होत्या. "हे तू इथे विसरलास. पहिली मी चुकून घेतली. पोट बिघडलं, आणि तू रोज यायला लागलास."