खेळ फक्त बायकांचा

दारात खोकला ऐकू आला तशी रुख्मिणीनं हातातली मिशी पिठाच्या डब्यात टाकली आणि वर झाकण दाबलं.

"काय करून राहिली वं?" मारोतरावांनी जोडे काढत विचारलं.

"पीठ किती उरलं ते पाहून राहिली."

मारोतराव खजिन्याच्या कचेरीत कारकून होते. मोजकं बोलायचे. हातपाय धुऊन पाटावर बसले, तेव्हा म्हणाले, "येत्या रविवारी मी घरी नाई. तपासणी हाये. दिवसभर कचेरीत बसा लागते."

रुख्मिणीनं मनातल्या मनात देवाला हात जोडले. मागचे दोन रविवारही या तपासणीनंच नेले होते, आणि तालमी निभावल्या होत्या त्या तेवढ्यामुळंच.

मिशी काळ्या लोकरीची होती, आणि ती लेकीची, शामलाची होती. मुलींच्या हायस्कुलात यंदा संगीत नाटक होतं. सगळी पात्रं मुलींचीच, त्यात शामला राजा. शाळेकडे मुलींची ने-आण करायला एकच दमणी, पडदे लावलेली बैलगाडी. लांबच्या मोहल्ल्यांतल्या मुलींना तिच्यात जागा नव्हती आणि पायी पाठवायला बाप तयार नव्हते. अकरा मुली घरी बसल्या होत्या. दुसऱ्या दमणीसाठी हा खेळ. संक्रांतीनंतरचा रविवार मुद्दाम धरलेला, म्हणजे बायकांना हळदीकुंकवाचं सांगून निघता यावं.

मारोतरावांना यातलं काही कळू दिलं नव्हतं. तीन वर्षांमागं शेजारचा मुकुंद नाटक मंडळीत पळाला, तेव्हा ओसरीवर बसून ते एवढंच म्हणाले होते, "गाण्याबजावण्यानं माणूस ना घरचा राहते ना घाटचा. या घरात तो विषय नोको." त्यात उमरेडच्या नणंदेनं शामलासाठी स्थळ काढून ठेवलेलं. मुलगी स्टेजवर गायली असं कळलं, की शाळा संपली आणि मॅट्रिकही.

"माय, बाबांना कळलं तर?" शामला रोज विचारायची.

"तू गाणं पाठ कर. कळण्याचं मी पाहतो," रुख्मिणी म्हणायची. कसं पाहणार, ते तिलाही माहीत नव्हतं.

रविवारी दुपारी शाळेच्या फाटकात पंचफुला काठी घेऊन बसली होती. ती शाळेतली मोलकरीण. कोण्या मुलीचा भाऊ आत डोकावला तर म्हणाली, "लुगडं नेसून ये गा, मंग सोडतो!"

पुरुषाला आत मज्जाव होता. अडचण होती ती तबल्याची. पेटी वाजवणारी बाई मिळाली, पण तबला वाजवणारी बाई अख्ख्या नागपुरात सापडली नाही. मग शाळेच्या मोठ्या बाईंनी, इंदुताईंनी, आपल्या माहेरच्या ओळखीचे एक गृहस्थ आणले. अट अशी, की त्यांनी सगळ्यांच्या आधी मागच्या दारानं यायचं, चादरीच्या आडोशाला बसायचं आणि सगळ्या गेल्यावर उठायचं. मुलींशी बोलायचं नाही. इंदुताईंनी काही विचारलं तर डग्ग्यावर एक थाप म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

मुलींनी त्यांचं नाव आजोबा ठेवलं होतं.

"त्यांना दात नाईत म्हणे, म्हणून बोलत नाईत," रंगपटात एक प्रधान खिदळला.

"पण हात गोड आहे हं आजोबांचा," राजानं डिंकानं मिशी चिकटवत म्हटलं.

हॉल भरला होता. सतरंज्यांवर बायका, मांड्यांवर लेकरं, मुठीत तिळगूळ. पहिला अंक छान झाला. दुसऱ्या अंकात राजाचं मोठं पद आलं. शामलाची नजर समोर बसलेल्या आईवर गेली, आणि काय झालं कोण जाणे, तिनं ओळ लवकर उचलली. गाणं पुढं पळालं, ताल मागं राहिला. पेटीवाल्या बाई बावरल्या. रुख्मिणीनं पदराचं टोक दातात धरलं.

तेवढ्यात चादरीमागचा तबला धावला. कुठूनसा आडवा आला, पोरीला गाठलं, बोट धरल्यासारखं तिला समेवर आणून उभं केलं. हॉलभर टाळ्या झाल्या. "पुन्हा म्हण वं पोरी!" मागून कोणी ओरडलं.

"मुद्दामच केलं असंल तिनं," शेजारची बाई म्हणाली. रुख्मिणीनं दातातला पदर डोळ्यांना लावला.

शेवटी इंदुताई पुढं आल्या. "गाडीपुरते पैसे जमले," त्या म्हणाल्या, "आणि एका बैलापुरतेही. दुसऱ्या बैलासाठी पुढच्या रविवारी हाच खेळ पुन्हा!"

सगळ्या हसल्या. रुख्मिणी मात्र बोटांवर सण मोजू लागली. आता पुन्हा कोणतं हळदीकुंकू काढायचं?

मायलेकी लगबगीनं घरी आल्या. मारोतराव यायचे होते. चूल पेटली, शामलानं तोंड दोनदा धुतलं, तरी वरच्या ओठावर डिंकानं उठलेली लाल रेघ राहिलीच. ती भूगोलाचं पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसली.

तासाभरानं खोकला ऐकू आला. मारोतराव आत आले. त्यांनी ताट मागितलं नाही. उभ्यानंच मुलीकडे पाहत राहिले, आणि नजर तिच्या ओठावर थांबली.

शामलानं पुस्तक तोंडापुढं धरलं. रुख्मिणी पुढं झाली. "तिचा दोष नाई जी. मीच तिले..."

त्यांनी हातानं तिला थांबवलं. मग शामलाजवळ जाऊन खाली बसले आणि हळूच म्हणाले, "येत्या रविवारी दुसऱ्या अंकात जराशी दमानं उचलजो, पोरी. माह्या बोटांले आता पहिल्यासारखं धावता येत नाई."